वर्गातल्या मंडळींबरोबर पहिला ट्रेक: मळवली ते लोहगड, घरून निघण्यापासून घरी परतेपर्यंत

पहिला ट्रेक बहुतेक वेळा व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरतो आणि तिथेच फसतो. कुणीतरी हरिहरच्या उभ्या पायऱ्यांचा फोटो टाकतं, दुसरा कळसूबाई म्हणतो, तिसऱ्याला रात्रीचा ट्रेक हवा असतो. शेवटी सगळ्यांत उत्साही मुलाच्या ताकदीचा डोंगर ठरतो. व्हायला हवं उलटं. ज्या मुलाला किंवा मुलीला लिफ्ट बंद असली की चौथ्या मजल्यावर धाप लागते, तिच्या बेताचा डोंगर निवडायचा. ग्रुप कितीही तगडा असो, डोंगरात तो शेवटच्या माणसाच्या वेगानेच पुढे सरकतो. हे धरून वेळापत्रक आखलं तर दिवस छान जातो. नाही धरलं तर अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर उतरायची वेळ येते.

या हिशेबाने पुणे-मुंबईच्या कॉलेजांसाठी लोहगड उत्तम. उंची सुमारे १०३३ मीटर, म्हणजे ३४०० फुटांच्या जवळपास. मळवली स्टेशनपासून प्रत्यक्ष चढ साधारण चारशे मीटरचा. पायथ्यापर्यंत रेल्वे जाते, वाट रुंद आहे, वर बांधीव पायऱ्या आहेत, दोर लागत नाही. मधल्या लोहगडवाडीत चहा-जेवण मिळतं आणि एखाद्याला नाहीच जमलं तर तिथपर्यंत गाडीही येते. वाटेत भाजे लेणी. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यांत हा एक. ‘सोप्पा’ म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. चार एकसलग दरवाजांची अशी सुस्थितीतली वाट सह्याद्रीत फार थोड्या किल्ल्यांवर उरली आहे.

कधी जावं

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. ऑक्टोबरमध्ये गवत अजून हिरवं असतं, पण दुपारचं ऊन चटका देतं. डिसेंबर-जानेवारी सगळ्यांत सुखाचे, फक्त सहाच्या सुमारास सूर्य मावळतो हे लक्षात ठेवायचं. एप्रिल-मेमध्ये नवख्यांनी जाऊ नये. पठारावर सावली नाही आणि संध्याकाळी वळवाच्या विजा असतात.

पावसाळ्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पण पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी लोहगडावर डोंगर कमी आणि माणसं जास्त दिसतात. २०२३च्या जुलैत एका रविवारी पायऱ्यांवर इतकी गर्दी झाली की लोक तासन्‌तास एकाच जागी अडकून पडले होते. ओल्या दगडावर मागून रेटा आला तर सराईत माणूसही काही करू शकत नाही. पावसातच जायचं असेल तर कॉलेजला सुट्टी असलेला आठवड्यातला एखादा दिवस शोधा, आदल्या रात्री हवामान खात्याचा इशारा पाहा आणि ऑरेंज किंवा रेड असेल तर बेत रद्द करा. धबधबे आणि किल्ल्यांवर जिल्हा प्रशासनाचे बंदी आदेश निघतात, तेही तपासा. ‘तिथे गेल्यावर बघू’ हे इथे चालत नाही. एकदा लोकलमध्ये बसलं की परत फिरायला कुणीच तयार नसतं.

किती जण, कोण काय करणार

आठ ते बारा. त्याहून कमी असले आणि एकाचा पाय मुरगळला तर माणसं अपुरी पडतात. पंधराच्या वर गेले की डोकी मोजण्यातच दिवस जातो. वर्गातले तीस जण येतो म्हणाले तर दोन वेगळे गट करा, वेगळ्या रविवारी जा. बारा जणांमागे किमान दोघे असे हवेत जे याआधी लोहगडावर जाऊन आलेत. यूट्यूबवर पाहिलं आहे, हे जाऊन येण्यात धरत नाहीत.

दोन जागा आदल्या दिवशीच ठरवून टाका. पुढे चालणारा लीड, आणि सगळ्यांत मागे चालणारा. या मागच्याला कुणी टेल म्हणतं, कुणी बॅकअप. त्याच्या मागे दिवसभरात कुणीही राहायचं नाही, लघवीला थांबलेला माणूसही नाही. लीडसाठी सगळ्यांत वेगवान मुलगा घेऊ नका, वाट माहीत असलेला आणि जरा कंटाळवाण्या चालीचा घ्या. टेल मात्र दमदार आणि शांत डोक्याचा हवा, कारण रडकुंडीला आलेल्याची सॅक शेवटी त्याच्याच खांद्यावर येते.

प्रत्येकाला एक नंबर द्या. मोजणी करताना नावं घ्यायची नाहीत. एक, दोन, तीन असं ज्याने त्याने ओरडायचं. सात नंतर शांतता पसरली की आठवा कुठे आहे हे तीन सेकंदांत कळतं. ट्रेनमधून उतरल्यावर, गायमुख खिंडीत, वर महादरवाजात, उतरताना याच ठिकाणी परत आणि शेवटी लेण्यांतून निघताना मोजणी.

घरी काय सांगायचं? खरं सांगायचं. ‘प्रोजेक्टसाठी मैत्रिणीकडे’ सांगून निघालेल्या मुलीला लोहगडवाडीत ताप भरला तर सगळ्यांची पंचाईत होते. एका कागदावर सगळ्यांची नावं, रक्तगट, घरचा नंबर, दमा, फिट्स, ॲलर्जी असं काही असेल तर ते, जाण्या-येण्याची वाट आणि परतीची वेळ लिहा. त्याचा फोटो न येणाऱ्या दोघांकडे द्या: एक कुणाचे तरी आई-बाबा, एक वर्गमित्र. सोबत स्पष्ट सूचना: ‘रात्री ८ पर्यंत फोन आला नाही तर पहिल्यांदा या दोन नंबरांवर फोन, ९ पर्यंत पत्ता लागला नाही तर ११२.’

दोन आठवड्यांची तयारी

जिमची गरज नाही. एक दिवसाआड चार मजले पाच वेळा चढा-उतरा, पाठीवर चार-पाच किलोची बॅग घेऊन. पुण्यात असाल तर पर्वतीच्या पायऱ्या, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी आहेतच. मुंबईकरांनी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेटपासून कान्हेरी लेण्यांपर्यंत चालत जाऊन यावं. निघण्याआधीच्या रविवारी सगळ्या ग्रुपने एकत्र एक टेकडी करा, ट्रेकला जे बूट घालणार तेच घालून. कुणाचा वेग किती आहे, कोण दमल्यावर चिडतं आणि कोण गप्प होतं, हे तिथेच समजतं. गप्प होणाऱ्याकडे जास्त लक्ष ठेवावं लागतं.

पायात काय, पाठीवर काय

बूट नवे नकोत. किमान तीस-चाळीस किलोमीटर वापरलेले, खोल खाचांच्या रबरी तळव्याचे हवेत. जिमचे मऊ फोमचे बूट गवतावर ठीक, पण उतारावरच्या बारीक मुरुमावर, ज्याला आपण घसारा म्हणतो, ते साबणासारखे सरकतात. ॲक्शन कंपनीचे ट्रेकिंग बूट सह्याद्रीत वर्षानुवर्षं चालत आलेत. ते महागही नाहीत आणि ओल्या कातळावर पकड बरी देतात. मापात अंगठ्यापुढे अर्धा बोट जागा ठेवा, नाहीतर उतरताना नखं काळीनिळी पडतात. तळवा सुटायला आलेले जुने बूट ही नेहमीची फजिती. कपाटात दोन वर्षं पडलेल्या बुटाचा गोंद वाळतो आणि भर चढावर सोल जिभेसारखा लोंबतो. आदल्या दिवशी बूट हातात धरून मधोमध वाकवून बघा. शिवाय दोन मीटर सुतळी किंवा जुनी बुटाची नाडी जवळ ठेवा.

जीन्स नको. ती भिजली की जड होते, वाळत नाही आणि मांड्या घासून काढते. ट्रॅक पँट, पूर्ण बाह्यांचा पातळ टीशर्ट, टोपी, बदलायला मोजे आणि एक टीशर्ट. थंडीत सकाळसाठी स्वेटर किंवा विंडचिटर.

सॅक २५ ते ३० लिटरची पुरे. दोन्ही खांद्यांवर बसणारी कॉलेजची बॅगही चालेल, पण एका खांद्यावरची झोळी आणि हातातली पिशवी बाद. हात मोकळे हवेतच. भरताना जड वस्तू, म्हणजे पाणी आणि डबा, पाठीला चिकटून मध्यावर येऊ द्या. तळाशी कपडे, वरच्या कप्प्यात सतत लागणारं. जड बाटली बाहेरच्या खिशात ठेवली तर वजन मागे ओढतं, मग माणूस पुढे वाकून चालतो आणि संध्याकाळी कंबर धरतो. कपडे आणि फोन आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत, मग सॅकमध्ये. रेनकव्हर पाठीकडच्या बाजूने पाणी आत सोडतं.

प्रत्येकाने घ्यायचं: ३ लिटर पाणी (एका मोठ्या बाटलीऐवजी १ लिटरच्या तीन, म्हणजे किती उरलं ते कळतं), ओआरएसची २ पाकिटं, डबा, वाटेवरचा खाऊ, सेल तपासलेली विजेरी (दिवसाचा ट्रेक असला तरी, मोबाईलचा टॉर्च वेगळा), शिटी, ओळखपत्र, ३०० ते ४०० रुपये सुटे, स्वतःची औषधं, टिश्यू आणि झिपची पिशवी. एकूण वजन पाच किलोच्या आसपास यायला हवं.

पूर्ण ग्रुपमध्ये मिळून: १० सेंटिमीटर रुंदीची क्रेप बँडेज २, निर्जंतुक गॉज, चिकटपट्टी, जंतुनाशक मलम, पॅरासिटामॉल, ॲलर्जीची गोळी, सॅनिटरी पॅड, कात्री, १०००० एमएएचच्या ३ पॉवर बँक, कचऱ्यासाठी २ मोठ्या पिशव्या. हे सगळं टेलकडे. पुढच्याकडे प्रथमोपचाराची पेटी असून उपयोग नाही, कारण पडणारा बहुधा मागे असतो.

ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा.

खाणं

निघताना पोटभर वडापाव खाल्ला की पहिल्या चढावर तो तोंडाशी येतो. पहाटे थोडे पोहे किंवा दोन केळी पुरेत. वाटेसाठी गूळ-शेंगदाणे, खजूर, चिक्की, संत्री, मीठ लावलेली काकडी. दर तासाला मूठभर, भूक लागायची वाट न बघता. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, ठेपले, दशम्या, पोळीत गुंडाळलेली चटणी. ओलं खोबरं, दही, कांदा घातलेली भाजी दुपारपर्यंत आंबते. पाणी घोटाघोटाने, दर पंधरा-वीस मिनिटांनी. डोकं दुखू लागलं आणि लघवी गडद पिवळी झाली म्हणजे पाणी कमी पडलंय. नुसतं पाणी ढोसूनही घामावाटे गेलेलं मीठ भरून येत नाही, म्हणून दुपारपर्यंत एक लिटर ओआरएस प्रत्येकाच्या पोटात जायला हवं. पाकीट एक, पाणी एक लिटर, हे प्रमाण मोडू नका. अर्ध्या बाटलीत पूर्ण पाकीट टाकून ‘स्ट्राँग’ केलेलं उलट त्रास देतं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

मळवलीला पोहोचणं

पुण्याहून लोणावळ्याची लोकल. कामशेतनंतर मळवली. साधारण सव्वा तास. पहाटेच्या गाडीने सकाळी पावणेआठपर्यंत मळवलीत उतरायचं असं धरा. मुंबईकडून येणाऱ्यांनी लोणावळ्यापर्यंत एक्स्प्रेस, तिथून पुण्याकडे जाणारी लोकल, पुढचंच स्टेशन. लोकल सोडून बाकी गाड्या मळवलीला सहसा थांबत नाहीत. दुपारी लोकल विरळ असतात, त्यामुळे एक चुकली तर दीर्घ मुक्काम फलाटावर. जाण्याची आणि येण्याच्या दोन लोकलची वेळ आदल्या रात्री तपासून कागदावर लिहा, परतीचं तिकीटही सकाळीच काढून ठेवा. स्टेशनवर शौचालय वापरून घ्या. यानंतर नीट सोय लोहगडवाडीपर्यंत नाही.

रुळांच्या उत्तरेला कार्ले, दक्षिणेला भाजे. आपल्याला दक्षिणेकडे जायचं आहे. द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की समोर दोन डोंगर दिसतात: डावीकडचा पसरट विसापूर, उजवीकडचा लोहगड. दोघांमधली खाच म्हणजे गायमुख खिंड. दिशा कळावी म्हणून इथे दोन मिनिटं थांबून प्रत्येकाला बोटाने ती खिंड दाखवा. ग्रुपपासून चुकलेला माणूस निदान कुठे जायचं ते ओळखेल.

दिवसाचं वेळापत्रक

७:४५ मळवली. ८:०० चालायला सुरुवात. ८:३५ भाजे गाव. १०:१५ गायमुख खिंड, १०:३० लोहगडवाडी, चहा. ११:०० पायऱ्या. ११:४५ महादरवाजा. दुपारी १:१५ पर्यंत गड. २:०० पुन्हा वाडीत, जेवण. २:४५ उतरायला सुरुवात. ४:०० भाजे लेणी. ५:३० मळवली.

लेणी सकाळी न ठेवता परतीला ठेवलीत ती मुद्दाम. सकाळी लेण्यांत फोटो काढताना तास कधी गेला ते कळत नाही आणि मग सगळी चढण उन्हात येते. शिवाय उशीर झालाच तर लेणी गाळता येतात, उतरणं गाळता येत नाही. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली ठिकाणं संध्याकाळी बंद होतात, तेव्हा पाचला लेण्यांच्या पायथ्याशी पोहोचून उपयोग नाही.

दोन वेळा पक्क्या धरायच्या. साडेअकरापर्यंत शेवटचा माणूस लोहगडवाडीत आला नाही तर विंचूकाटा, म्हणजे गडाची लांब सोंड, रद्द. आणि सव्वा वाजता, जिथे असाल तिथून, मागे वळायचं. हे ट्रेनमध्ये बसल्यावरच सगळ्यांकडून कबूल करून घ्या. गडावर पोहोचून वाद घालायला सगळ्यांना फार जोर येतो.

चढताना

भाजे गावातून लोहगडवाडीपर्यंत गाडीरस्ता आहे. मळवलीपासून ढोबळमानाने सहा-सात किलोमीटर. मधे शॉर्टकट म्हणून पायवाटा वर घुसताना दिसतात. काही खऱ्या, काही नुसत्या ढोरवाटा. गुरं चरायला जातात तिथे त्या विरून जातात, म्हणून पहिल्या ट्रेकला रस्ता सोडू नका. वाट ढोरवाट आहे हे ओळखायचं कसं? दर पाच-दहा पावलांवर तिला फाटे फुटतात, फांद्या कमरेच्या उंचीवर आडव्या येतात आणि शेणाखेरीज माणसाची खूण, म्हणजे बिस्किटाचा कागद किंवा बुटाचा ठसा, दिसत नाही. कचऱ्याचा एवढाच काय तो उपयोग.

पहिली वीस मिनिटं मुद्दाम हळू. बोलता बोलता चालता येईल इतपत. वाक्य मधेच तोडून श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे. तीव्र चढावर पावलं लहान टाका, पूर्ण तळवा टेकवा, श्वास नाकाने. पंचवीस-तीस मिनिटं चालून पाच मिनिटं थांबा, उभ्याउभ्याच. दर वेळी ऐसपैस बसलं की पाय जड होतात.

विश्रांतीत एक चूक जवळपास प्रत्येक नवा ग्रुप करतो. पुढचे पाच जण झपाझप जाऊन एका आंब्याखाली बसतात. पाणी पितात, सेल्फी काढतात. दहा मिनिटांनी मागचे तिघे लालबुंद होऊन पोहोचतात. पुढचे लगेच उठतात, ‘चला, आलात ना?’ म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज नव्हती त्यांना दहा मिनिटं मिळाली आणि ज्यांना होती त्यांना शून्य. तीन थांब्यांत मागच्यांचा बॅटरी पॅक रिकामा. म्हणून पाच मिनिटं मोजायची ती टेल येऊन पोहोचल्यापासून. आणि निघताना सगळ्यांत मंद माणूस लीडच्या लगेच मागे दुसऱ्या नंबरवर. तो मागे असला की सारखा पळत गाठतो, पुढे असला की आपल्या चालीने चालतो आणि आश्चर्य म्हणजे वेगही वाढतो.

प्रत्येक फाट्यावर, अगदी उघड दिसणाऱ्या फाट्यावरही, टेल नजरेस पडेपर्यंत लीडने थांबायचं. माणसं हरवतात ती जंगलात नाही, फाट्यावर.

गायमुख खिंडीत पोहोचलात की डावीकडची वाट विसापूरला, उजवीकडची लोहगडवाडीकडे. इथे कुणीतरी हमखास म्हणतं, ‘दोन्ही करून टाकू ना.’ नको. विसापूर पसरट आहे, त्याच्या वाटा झाडीतून आणि ओढ्याच्या दगडांमधून जातात आणि तिथे अनेक ग्रुप चुकलेत. तो पुढच्या वेळी, वाट माहीत असलेल्याबरोबर.

वाटेत भेटणाऱ्या गावकऱ्याला अंतर विचारण्यापेक्षा वेळ विचारा. ‘हे काय, इथंच’ असं मावशी म्हणाल्या तर ते त्यांच्या पायांच्या हिशेबाने. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन त्या वीस मिनिटांत जातात, तुम्हाला चाळीस लागतील.

लोहगडवाडीत चहा घेताना एका घरी जेवण सांगून ठेवा: माणसं किती, वेळ काय. पिठलं, भाकरी, ठेचा, भात. दोन वाजता येऊन दहा जणांच्या भाकऱ्या मागितल्या तर तासभर बसावं लागतं, चुलीवर एका वेळी एकच होते. मुलींना स्वच्छतागृह हवं असेल तर इथेच त्या काकूंना मोकळेपणाने विचारावं.

पायऱ्या, दरवाजे आणि माथा

तिकीट आहे, पंचवीस रुपयांच्या आसपास. पुढे गणेश, नारायण, हनुमान आणि शेवटी महादरवाजा. वाट सापासारखी वळते, आणि ती तशी का आहे ते वरच्या बुरुजावरून खाली बघितलं की समजतं. चढणारा प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या तटाच्या माऱ्याखाली राहतो. नारायण दरवाजा नाना फडणवीसांच्या काळचा. सुरतेच्या लुटीतली संपत्ती याच गडावर आणून ठेवली होती असं सांगितलं जातं. १६६५च्या पुरंदरच्या तहात गड मोगलांना द्यावा लागला, १६७० मध्ये परत घेतला.

पायऱ्यांवर पाय ठेवायचा तो कडेला, भिंतीकडच्या बाजूला. मधला भाग शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालाय. काळसर ओलसर डाग दिसला तर ते शेवाळ, वाळलेलं वाटलं तरी घसरवतं. चढणाऱ्याला वाट द्यायची, उतरणाऱ्याने भिंतीला टेकून थांबायचं. माकडांचा ताबा या पट्ट्यातच असतो. हातातली प्लास्टिकची पिशवी म्हणजे त्यांच्या लेखी खाऊ, मग आत स्वेटर असला तरी. खायचं काढू नका, नजरेला नजर भिडवून दात दाखवू नका. पिशवी ओढलीच तर सोडून द्या.

माथ्यावर लक्ष्मी कोठी, नाना फडणवीसांनी बांधलेलं सोळाकोनी तळं, त्र्यंबक तलाव. दक्षिणेला पवना धरणाचं पाणी, पलीकडे तुंग आणि तिकोना. तळ्यात किंवा टाक्यात पोहायला उतरू नका. काठ शेवाळलेले, खोली दिसत नाही आणि बाहेर येताना धरायला काही नसतं.

विंचूकाटा ही गडाची खरी शोभा. डोंगराची सुमारे १५०० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद सोंड, टोकाला बुरूज. वरून पाहिली की विंचवाच्या नांगीसारखी दिसते. माथ्यावरून सोंडेवर जाताना एक छोटा कातळटप्पा उतरावा लागतो. कोरड्यात अगदी सोपा, ओल्यात अजिबात नाही. उतरताना तोंड कातळाकडे, दोन पाय आणि दोन हात यांपैकी तीन कायम टेकलेले, हलणारं एकच. गवताला धरू नका, मुळासकट हातात येतं. एका वेळी एक जण, खालचा बाजूला झाल्यावरच पुढचा. पायाखालचा दगड सुटला तर कितीही लहान असला तरी ‘दगड!’ अशी आरोळी. वारा सुसाट असेल, धुकं उतरलं असेल किंवा आभाळ गडगडत असेल तर वरूनच फोटो काढा. कड्याच्या काठावरचं गवत बऱ्याचदा पुढे नुसतं लोंबतं, खाली माती नसते. काठापासून दोन हात आत, सेल्फी काढणारा तर बसून.

उतरताना

बहुतेक पाय उतरताना मुरगळतात, दुपारी दोन ते चारच्या मधे. पाय दमलेले, डोक्यात घर आणि नजर मोबाईलकडे. निघण्याआधी बुटाच्या नाड्या घोट्याजवळ घट्ट करा. गुडघे किंचित वाकलेले, पावलं लहान. घसाऱ्यावर मागे झुकलं की पाय पुढे सटकून माणूस पार्श्वभागावर आपटतो. वजन पायांवर येऊ द्या, पाऊल तिरकं टाका, टाच रोवा. धावायचं नाही, शर्यत तर नाहीच.

बिनसलंच तर

पाय मुरगळला: लगेच बूट काढू नका, सूज आली की परत चढत नाही. बसवा, पाय उंच, वीस मिनिटं. मग बुटावरूनच क्रेप बँडेज आठच्या आकड्यासारखी. चार पावलंही वजन टाकता येत नसेल किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल तर फ्रॅक्चर धरून चाला आणि वाडीतून गाडी बोलवा.

गोळा आला: पोटरीला आला तर पाय सरळ करून पंजा गुडघ्याकडे ओढा, मीठ-साखरेचं पाणी द्या.

उन्हाचा त्रास: मळमळ, चक्कर, गार घाम. सावलीत आडवं, कपडे सैल, मान-काखा ओल्या फडक्याने पुसा, पाणी घोटाघोटाने. असंबद्ध बोलू लागला किंवा अंग तापून घाम थांबला तर हा उष्माघात. सगळं सोडून गार पाणी ओतत खाली न्या, १०८ला फोन.

आग्या मोहोळ: कातळात आणि दरवाजांच्या कमानींखाली असू शकतं. अत्तर, डिओ, सिगारेट, शेकोटी यांनी माश्या उठतात. उठल्याच तर हात झाडू नका. डोकं-तोंड झाकून वाटेवरूनच लांब निघा, कड्याच्या दिशेने नाही. काटा नखाने खरवडून काढा. ओठ सुजले, श्वास लागला तर क्षणाचाही उशीर नको.

साप चावला: कापणं, चोखणं, घट्ट बांधणं यांतलं काहीच करायचं नाही. अंगठी-कडं काढा, हातपाय हलू न देता आधार द्या, चालवू नका, उचलून वाडीत आणि तिथून सरकारी रुग्णालयात, जिथे प्रतिसर्पविष असतं. सापाचा फोटो काढायला मागे धावू नका.

वीज: चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीसच्या आत आकडे मोजून झाले तर माथा आणि विंचूकाटा लगेच सोडा. एकट्या झाडाखाली उभं राहू नका, घोळका करू नका.

वाट चुकलात: थांबा. पुढे शोधत जाण्यापेक्षा शेवटच्या ओळखीच्या जागी परत या, सगळे मिळून. एकाला ‘बघून ये’ म्हणून पाठवलं की दोन शोधमोहिमा होतात. मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. रेंज असेल तर ११२. लोकेशन आधी पाठवा, गोष्ट नंतर सांगा. लोणावळ्यात शिवदुर्ग मित्रसारखी बचावपथकं आहेत. बोलावल्यावर जागा सोडून हलायचं नाही, नाहीतर ती मंडळी तुम्हाला रात्रभर शोधत राहतात.

परतीच्या वाटेवर

भाजे लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारासची. चैत्यगृहात शिरलात की मान वर करा. छताला दगडात लाकडी बांधकामासारख्या कमानी दिसतात, आणि त्या खरोखरच लाकडाच्या आहेत. बावीसशे वर्षांच्या आसपासचं लाकूड डोक्यावर असताना भिंतीवर नाव कोरायची हुक्की आलीच तर त्या मित्राचा हात धरा.

कचऱ्याच्या पिशव्या मळवलीच्या स्टेशनपर्यंत आणा, वाडीत सोडू नका, तिथे तो जाळला जातो. फलाटावर शेवटची मोजणी. मग कागदावरच्या त्या दोघांना फोन: सगळे उतरलो, लोकल अमुक वाजताची. घरी पोहोचल्यावर प्रत्येकाने ग्रुपवर आपला नंबर टाकायचा, एक, दोन, तीन. बारावा आकडा येईपर्यंत लीडने झोपायचं नाही.